करवतीचा हात

मधली भिंत फळ्यांची होती. अलीकडे आम्ही, पलीकडे माझा धाकटा दीर आणि त्याची बायको. फळ्या भाऊजींनीच ठोकलेल्या. धंद्याने सुतार, म्हणजे गावाच्या दारांना फट नाही आणि घरच्या भिंतीतून पलीकडची उचकी ऐकू येते. तेव्हा ते भांडण मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. ते आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आलं.

त्या दिवशी भाऊजींनी एका बंद पडलेल्या खेळण्यांच्या कारखान्यातून नक्षीची करवत आणली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक लोखंडी मेज. त्याला मागून दोन लांब हात आलेले, एक मेजाच्या वर, एक खाली. दोन्ही हातांच्या चिमटीत केसासारखं बारीक पातं ताणून धरलेलं. बटण दाबलं की हात वरखाली होतात आणि पातं शिलाई मशीनच्या सुईसारखं नाचतं. ते जागच्या जागी. फिरवायचं ते लाकूड, दोन्ही तळव्यांनी दाबून.

भाऊजींचा हात जड. दारं, कपाटं, खाटा यांचा हात. पातं लावलं की टक्. दुसरं लावलं, टक्. मी इकडे वाटाणे सोलत होते. टक् झालं की माझा वाटाणा उडायचा.

"यंत्रच वाकडं आहे!" भाऊजी ओरडले. "फसवलं मेल्यांनी."

"हो तर," धाकटीचा आवाज आला. "नाचता येईना, अंगण वाकडं."

 माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंत तेच."

"मग तू नाच! ये, बस इथे. बघू दे तुझं अंगण किती सरळ आहे ते."

"मला काय येतंय त्यातलं?"

"तोंड चालतं ना करवतीसारखं? करवतही चालव!"

स्टूल फरफटल्याचा आवाज आला. भाऊजी तेव्हा तापट होते. हात उगारला तर मध्ये पडावं म्हणून मी उठले. तेवढ्यात यंत्र घुरघुरायला लागलं. मी उभ्या उभ्या त्या टक्ची वाट बघत राहिले. घुरघुर चालली, वळणावर जरा बारीक झाली, पुन्हा चालली. टक् काही आलं नाही.

थोड्या वेळाने भाऊजी माझ्या दारात. भुवयांवर भुसा. "वहिनी, पाणी द्या जरा." पाणी प्यायले, भांडं परत केलं आणि कुणाला कळू नये अशा आवाजात म्हणाले, "ती नाचतेय."

त्या स्टुलावरून ती मग उठलीच नाही म्हटलं तरी चालेल. भाऊजी दारं करत राहिले आणि धाकटी खिडकीजवळ बसून लाकडाची कोडी कापायला लागली. मासा, कासव, हत्ती, पण तिची खरी ओळख म्हणजे कोंबडी. कोंबडीच्या पोटात पिल्लू. एकाच फळीतून दोन्ही कापायची, पिल्लू बाहेर काढायचं, परत पोटात बसवायचं. बालवर्गाच्या बाई दर वर्षी तिच्याकडून कोंबड्या न्यायच्या. पोरं तिला तुकडेबाई म्हणायची. रस्त्यात कुणाचं लेकरू "तुकडेबाई, तुकडेबाई" करत मागे लागलं, की ती वळून डोळे मोठे करायची आणि म्हणायची, "थांब, तुझेही करते." लेकरं खिदळत पळायची. आया मात्र जरा बिचकायच्या.

कापण्याआधी ती पेन्सिल लावायची नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "रेघ काढली की मी रेघेकडे बघते, जाऊबाई. मग लाकडाकडे कोण बघणार?" वळण आलं की ती श्वास रोखायची. तिच्याबरोबर अख्खं घर श्वास रोखायचं. भाऊजींना शिंक आली तर ते अंगणात जाऊन शिंकायचे. एवढा तापट माणूस, पण त्या घुरघुरीपुढे मांजर.

प्रत्येक कोंबडीची ती परीक्षा घ्यायची. कोंबडी उलटी धरायची. पिल्लू पडता कामा नये. मग मागून एक टिचकी मारायची. आता पडायलाच हवं. उलटी केल्यावर आपोआप पडलं तर सैल, टिचकीनेही पडलं नाही तर घट्ट. दोन्ही चुलीत. फळीपलीकडून मला टिचकी ऐकू यायची आणि मागोमाग तळहातावर पिल्लू पडल्याचा मऊ आवाज. माझी कामं मी त्या आवाजावर उरकायची. आमचे हे गेल्यानंतर घर ओकंबोकं झालं, तेव्हाही तोच आवाज सोबतीला होता.

आणि मग एका वर्षी टिचकी ऐकू येईनाशी झाली.

आधी वाटलं, माझेच कान गेले. वय झालं होतं आमचं दोघींचं. पण घुरघुर येत होती. टिचकी नाही. त्याऐवजी पिल्लू जमिनीवर पडून घरंगळल्याचा आवाज यायचा, आणि मग ती मेजाखाली वाकताना स्टूल कुरकुरायचं. पुढे पुढे टक् पण यायला लागलं. धाकटीच्या घरातून टक्! मी दर वेळी दचकायची. मग मी स्वतःलाच म्हणायची, पाती खोटी आली असतील.

एकदा ती माझ्याकडे सुईदोरा घेऊन आली. "एवढी सुई ओवून द्या हो. चष्मा सापडत नाहीये." चष्मा तिच्या नाकावर होता.  सुई ओवून दिली. माझे डोळे तिच्यापेक्षा मोठे, म्हणजे वयाने, आणि मी ओवली. ती दोरा घेऊन निघाली, तेव्हा दोऱ्याचं टोक नुसतं थरथरत होतं. दार बंद होतं. वारा नव्हता.

तेवढ्यातच करवतीने दगा दिला. खटाक् असा आवाज झाला, मग लोखंड लोखंडावर घासल्याचा, मग सगळं गार. मी पळत गेले. धाकटी स्टुलावर तशीच बसलेली, तळवे लाकडावर. वरचा हात खाली लटकलेला. करवतीचा.

"बिघडली," ती म्हणाली. आणि काय सांगू, तिच्या तोंडावर दुःख नव्हतं. उपासाच्या दिवशीचं पंगतीचं आमंत्रण कुणी रद्द केल्यावर सुटल्यासारखं होतं ना, तसं काहीतरी होतं.

मुलगा संध्याकाळी आला. तिचा एकुलता एक. वेगळा राहतो, गाड्यांचे सुटे भाग विकतो. आल्या आल्या म्हणाला, "आई, नवीन घेऊन टाकू. हल्लीच्या यंत्रांना पायाने दाबायचं बटण असतं, दिवा असतो, भुसा उडवायला फुंकणी असते."

"फुंकायला मला तोंड आहे," धाकटी म्हणाली.

"तेच तर म्हणतो मी केव्हापासून," भाऊजी कोपऱ्यातून बोलले. "नवीन कशाला? लोखंड आहे ते, दुरुस्त होईल. त्या काळचं ओतकाम आहे. आताचं सगळं पत्र्याचं."

"बाबा, सुटे भाग मिळत नाहीत त्याचे."

"तुझ्या दुकानात मिळत नसतील."

बापलेक असे अर्धा तास. मी धाकटीकडे बघत होते. जिला दोन कोंबड्यांच्या मध्ये चहा प्यायला सवड नसायची, ती बाई म्हणाली, "असू दे रे. घाई काय आहे?"

भाऊजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. घाई काय आहे? बालवर्गाच्या बाई शाळा उघडायच्या आत कोंबड्या न्यायला येणार होत्या.

पुढचे दिवस वाईट गेले. मुलगा विचारायचा, नवीन बघायला कधी येतेस? ती म्हणायची, गुडघा दुखतोय. भाऊजी म्हणायचे, मोटारी दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगवाल्याला बोलावू का? ती म्हणायची, त्याच्या घरी लग्न आहे. त्या वाइंडिंगवाल्याची सगळी मुलं केव्हाच लग्नं होऊन नांदत होती. पलीकडची शांतता मला खायला उठायची. भांडं वाजलं तरी मी कान टवकारायची.

शेवटी मी मागच्या पायरीवर तिला धरलीच. "धाकटे, तुला दुरुस्ती नको, नवं नको. हवंय काय मग?"

 ती हात मांडीखाली घालून बसली, आणि म्हणाली, "ती दुरुस्त झाली आणि तरी पिल्लू आपोआप पडलं तर? नवीन आणली आणि तरी पडलं तर? आता बिघडलेली आहे तोवर बिघाड तिचा आहे, जाऊबाई. राहू दे की. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि कोंबड्या?"

"मुलं मासे खेळतील."

"मासे तरी कोण कापणार?"

यावर ती हसली. पण हसणं मध्येच तुटलं. तिच्या पात्यासारखं.

वाइंडिंगवाल्याला भाऊजींनी तिला न विचारता आणलं. जाडजूड माणूस, चष्म्याला दोरी, बोलायला एक नंबर. त्याने करवत उलटी केली, सुलटी केली, बॅटरी मारली, आणि मान हलवत म्हणाला, "काकू, हात गेलाय."

धाकटी मटकन खाली बसली. दोन्ही हात तिने पाठीमागे नेले. खरंच, एखाद्या पोराने चोरलेला खाऊ लपवावा तसे.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? दिसतोय की. वरचा हात. ही बघा चीर, इथून इथवर. आणि सांध्याचं भोक झिजून अंड्यासारखं झालंय."

भाऊजी धाकटीकडे बघत होते. यंत्राकडे नाही. तिने हात पाठीमागे नेले तेव्हा त्यांनी पाहिलं. मी बघितलं की त्यांनी बघितलं. पण ते वाइंडिंगवाल्यालाच म्हणाले, "सांधता येईल?"

"येईल की. पितळेने सांधू, सांध्याच्या भोकात नवीन बुश, म्हणजे गोल कडी, घालू. पण सांधलेला हात तो सांधलेलाच. जोरात पळवायची नाही मग. माझं ऐकाल तर नवीनच घ्या. बघा, माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय."

"तुमच्या पोटावर पाय दिला तर पायच घसरेल," धाकटी म्हणाली. तेवढं बोलण्याइतकी ती सावरली होती. तो जोरात हसला आणि उत्तर कळवा म्हणून गेला.

मग मात्र मुलाने ऐकलं नाही. "बघायला काय जातंय? दुकानात चालवून बघू देतात." धाकटीने माझं मनगट धरलं. "जाऊबाई, तुम्ही चला." तिची बोटं गार होती.

दुकान यंत्रांचं. जमीन इतकी चकचकीत की पाय टाकायला भीती. विकणारा माणूस मुलालाच सगळं सांगत होता, वेग असा, ताण असा. मुलगा म्हणाला, "मला नाही, आईला सांगा." विकणाऱ्याने धाकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दोघींमधली कोण असेल याचा अंदाज न लागून मधल्या हवेला सांगायला लागला.

धाकटी बसली. एक पातळ फळी घेतली. बटण दाबलं.

"चालू झालं का?" तिने विचारलं. आवाजच नव्हता त्या यंत्राला.

"चालू आहे, आजी."

तिने फळी पात्याला लावली. कोंबडीची पाठ आली, शेपटी आली, मान आली. मग पोटातलं पिल्लू. चोचीच्या वळणावर तिने श्वास रोखला, मीही रोखला. पातं तिथे जरा अडखळलं, बाहेर गेलं, परत आत आलं. एवढंसंच. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं.

तिने कोंबडी उलटी धरली. टिचकी मारायचं काम पडलं नाही. पिल्लू आपोआप खाली पडलं आणि त्या चकचकीत जमिनीवरून घरंगळत एका कपाटाखाली गेलं.

विकणाऱ्याने वाकून काढलं. "वा, आजी! काय हात आहे!"

धाकटीने दुसरी फळी मागितली. पुन्हा तेच. पाठ, शेपटी, मान, चोच. या वेळी पिल्लू पडलं ते तिने तळहातावर झेललं.

मुलगा समजूत घालायला गेला. भोळा आहे, बापासारखा. "यंत्राची सवय नाही ना तुला. यंत्रच जरा वेगळं आहे. नाहीतर तू म्हणतेस तसं, नाचता येईना, अं..."

मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो "आई गं" म्हणाला. तो बघतच राहिला माझ्याकडे, मोठ्या आईला काय झालं म्हणून. धाकटीने कमरेला खोचलेला रुमाल काढला, मेजावरचा भुसा पुसला, सगळा, कोपऱ्यातलासुद्धा. मग विकणाऱ्याला म्हणाली, "चांगलं आहे हो तुमचं यंत्र. काही खोट नाही त्यात."

परत येताना ती गाडीत माझ्याशेजारी बसली होती. दोन्ही पिल्लं तिच्या मुठीत. मूठ झाकलेली. इतकी घट्ट की नखं पांढरी झाली होती. मी नुसता माझा हात त्या मुठीवर ठेवला. आतलं थरथरणं माझ्या हाताला लागत होतं, चिमणी धरल्यासारखं.

घरी भाऊजी दारातच उभे. सकाळपासून तिथेच असावेत. तिने आत जाऊन त्यांच्या कामाच्या मेजावर मूठ उघडली. दोन पिल्लं ठेवली. आणि म्हणाली, "अहो, अंगण सरळ आहे."

मुलाला काही कळलं नाही. भाऊजींना कळलं. त्यांनी एक पिल्लू उचललं, अंगठ्याने चोच चाचपली. 

"मग? नाच बंद?"

"उभ्याने कुठे नाचत होते? बसूनच तर नाचत होते."

"तेच विचारतोय. बंद?"

ती करवतीकडे बघत राहिली. लटकलेल्या हाताकडे.  आता ही हो म्हणाली तर पलीकडे पुन्हा तीच शांतता, आणि तीसुद्धा कायमची.

"वाइंडिंगवाला काय म्हणाला?" तिने विचारलं. "जोरात पळवायची नाही?"

"सांधलेला हात सांधलेलाच, म्हणाला."

"मग सांधून आणा. मला तरी कुठे पळायचंय?"

"आई, अगं मोडकं यंत्र?" मुलगा म्हणाला.

"मोडक्या हाताला शोभेल," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने ते तोंडाने उच्चारलं.  मुलाने पुढे होऊन तिचा हात हातात घेतला, आणि तिने घेऊ दिला.

करवत सांधून आली. वरच्या हातावर पितळेची पिवळी पट्टी, एखाद्या मोडलेल्या मनगटावर बांधावी तशी. वाइंडिंगवाल्याने पट्टा बदलून तिचा वेगही कमी केला होता. धाकटी बसली, तेव्हा भाऊजी अंगणात गेले नाहीत. तिच्या समोर स्टूल घेऊन बसले आणि फळीच्या दूरच्या कडेवर त्यांचे ते जड पंजे ठेवले.

"ढकलू नका."

"नाही ढकलत."

"दाबा नुसतं. वळायला मी सांगते लाकडाला."

"मलाही सांग, म्हणजे झालं."

घुरघुर झाली. जुनीच, पण दमेकऱ्यासारखी. मी फळीअलीकडे उभी. टक् येईल म्हणून दातांवर दात धरून उभी. एकदा आलंच. "तुमच्यामुळे!" "माझ्यामुळे?" "मग काय अंगणामुळे?" आणि दोघं हसायला लागले, इतके की यंत्र बंद करावं लागलं.

पिल्लू मात्र बदललं. चोचीचं वळण तिला जमेना, तर तिने चोचच काढून टाकली. पिल्लू मोठं केलं, जाड केलं, गुबगुबीत गोल.

"हे पिल्लू नाही, बदक झालं," भाऊजी म्हणाले.

"बदक तर बदक. पण उलटं केल्यावर पडत नाही ना?"

नाही पडलं. टिचकीने पडलं. मी माझ्या बाजूला खुर्चीत बसून घेतलं.

बालवर्गाच्या बाई आल्या. कोंबडी हातात घेऊन फिरवत राहिल्या. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग म्हणाल्या, "बरं केलंत. त्या चोचीने लहानांची बोटं अडकायची." खरं बोलल्या की मन राखलं, देव जाणे. कोंबड्या मात्र सगळ्या घेऊन गेल्या.

थरथर पुढे वाढत गेली. ती काही थांबणारी नव्हती. कधी कासव जमायचं, कधी नुसते चौकोनी ठोकळे. पण सकाळी थोडा वेळ तरी घुरघुर यायचीच, आणि भाऊजींचा आवाज, "इकडे की तिकडे?" आणि तिचा, "इकडे हो, इकडे!"

पात्यांचं पाकीट संपलं की ती स्वतः आणायला जायची. ते काम तिने कुणाला दिलं नाही. शेवटचं पाकीट आणायला गेली तेव्हाही तशीच गेली, कापडी पिशवी घेऊन, मला सोबत घेऊन. दुकानदार ओळखीचा. त्याने पाकीट काढलं. तिने त्यातलं एक पातं मागितलं, कानाजवळ धरून नखाने छेडायला. बारीक टिंग वाजलं तर पोलाद चांगलं. हात फार हलत होता, म्हणून पातं दुकानदाराने धरलं आणि तिने कान पुढे नेला. मी नखाने छेडलं.

"हे नाही," ती म्हणाली. "बोबडं आहे. दुसरं काढा."

"काकू, सगळी एकाच पाकिटातली आहेत."

"मग दुसरं पाकीट काढा."

त्याने काढलं. टिंग वाजलं. तिने मान हलवली, पाकीट पिशवीत टाकलं आणि निघाली. घरी येऊन खिडकीजवळच्या खिळ्याला ते अडकवलं, करवतीवरचा भुसा रुमालाने पुसला, आणि फळीपलीकडून मला ओरडून म्हणाली, "जाऊबाई, तो मेला आज पुन्हा जुना माल गळ्यात मारत होता!"